एक कलाक वहेला

मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी साडेबाराला
मी गवार मोडत बसलो होतो,
आणि ओहायोत एक तास नाहीसा झाला.
आवाज आला नाही.
शेंगांचे दोर ताटलीच्या कडेला साचत राहिले,
खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं,
आणि माझ्या सोमवारचं टोक कापलं गेलं.

मग इम्तियाझभाईंचा फोन,
दरवर्षीचा, त्याच चार शब्दांत:
"सोमवारथी एक कलाक वहेला."
म्हणजे गाडी पावणेसातऐवजी पावणेसहाला.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ
या व्यवहारात कुठेच नाही.
संज्योतच्या मामांनी लग्नात दिलेलं, तबकडीवर पतपेढीचं नाव.
ते आपल्या गतीनं जातं.
मला उशीर झालाय की नाही
हे वर्षातून दोनदा त्याला सांगता येत नाही.

केया सहाला ट्यूशनहून येते.
हिवाळ्यात तिचे बूट, तिची वही,
आज कुणाशी कट्टी आणि का,
सगळं पाऊण तासात मावतं;
तिला दारातूनच बोलायला सुरुवात करायची सवय झालीय.
मार्चनंतर ती येते तेव्हा
माझी ताटली विसळून पालथी घातलेली असते.
फ्रिजवर तिची चिठ्ठी: भागाकार उद्या सकाळी.
सकाळी मी झोपलेला असतो, तिला माहीत आहे.
तरी चिठ्ठी लावते.

पण खोटं कशाला बोलू,
उजेडात कामाला निघणं मला आवडतं.
चाळीस डिग्रीत, डोळे बारीक करून,
फतेगंजच्या सिग्नलला माणसांत थांबणं,
मांडीवर गरम डबा, शर्टाला इस्त्री.
सगळे परतत असतात, मी निघालेला असतो,
पण ऊन आहे तोवर
कोण कुठल्या दिशेला, कुणाला कळतंय?

आणि पहाटेचं म्हणाल तर
उन्हाळ्यात चारला मी कुलूप हळू काढतो,
संज्योत कूस बदलते, तेवढीच भेट.
हिवाळ्यात पाचला पोचतो,
ती शाळेसाठी उठलेली असते,
गॅसपाशी उभ्या उभ्या दोघांचा चहा.
सांगायला छान वाटतं.
खरं तर त्या चहात आम्ही भांडतोच जास्त:
वीजबिल, तिची बदली, मुळात माझं हे काम.
उन्हाळ्यात भांडायला वेळ नसतो.
घर शांत असतं,
आणि ती शांतता नको असं
मला छातीठोक म्हणवत नाही.

गेल्या नोव्हेंबरातल्या डेटनच्या मिसेस कोवाल्स्की,
गुडघ्याचं बिल, सत्तेचाळीस डॉलर बाकी.
त्यांच्याकडे दुपारचे चार, इथे रात्रीचे अडीच.
म्हणाल्या, कुत्रं वाडग्यापाशी येऊन बसलंय,
कालचे पाच आज चार झालेत
हे त्याला कोणी समजावायचं?
मग विचारलं, तुमच्याकडेही घड्याळं बदलतात का रे, बाळा?
आपण कुठून बोलतोय ते सांगायचं नाही,
पारुलबेननी पहिल्याच दिवशी बजावलेलं.
हो मॅडम, म्हणालो, आम्हालाही बदलावं लागतं.
खोटंच होतं.
निदान घड्याळांपुरतं.
त्यांनी कार्डाचा नंबर सांगितला,
मध्येच थांबल्या,
आणि मला वाडग्यात दाणे पडताना ऐकू आले.
पहिल्याच दिवशी हरल्या होत्या त्या.

रावपुऱ्याच्या टॉवरखालून जाताना
मी आता वर बघत नाही.
बघून करायचंय काय?
तिथलं बरोबर असलं तरी माझं नसतं.

आज सोमवार. पावणेसहा.
गाडी खाली उभी आहे.
मी जिन्याच्या वळणावर डबा या हातातून त्या हातात घेतो,
बुटाची सुटलेली नसलेली नाडी बांधतो.
पाच मिनिटं. सहा.
इम्तियाझभाई हॉर्न वाजवत नाहीत.
त्यांचाही एक मुलगा आहे,
मदनझांपा रोडच्या क्लासमधून
सहाला सुटणारा.